एकाच घमेल्यातलं मलम

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या डॉक्टरांचं खरजेचं मलम कंपनीच्या महागड्या मलमाच्या तोडीचं ठरलं, ते माझ्यामुळे. ते खरंच तसं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. जवळच्या पूर्णा गावाहून सायकलनं यायचो. लूमवरची माणसं एकेका खोलीत वीस-पंचवीस राहायची. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच चादरीवर आडवा. खरूज जाणार कशी? एका कंपनीनं नवं मलम काढलं होतं, ट्यूबमधलं, गुलाबाच्या वासाचं. पण ते इतकं महाग, की घ्यायचं तर खाणावळीचे पैसे थकायचे आणि माणसाला तिथं तोंड लपवावं लागायचं.

"परवडत नाही ते औषध कसलं रे? नुसतं अत्तर!" डॉक्टर म्हणायचे. त्यांनी स्वतः गंधकाचं मलम तयार केलं. खलात घोटायचो मी. मग ताडून बघायचं ठरलं. समोरासमोरच्या दोन खोल्या, एकीला ट्यूब, दुसरीला आमचं. आमचं बरोबरीचं निघालं तर तेच सगळ्यांना द्यायचं. नाही निघालं तर ट्यूब स्वस्त मिळावी म्हणून कंपनीशी भांडायचं.

शुक्रवारी लूम बंद. डॉक्टर दवाखान्यात अडकलेले, म्हणून मी एकटाच गेलो. आमचा डबा उघडला आणि भपका सुटला.

"उनको गुलाब और हमको सड़ा अंडा?" दुसऱ्या खोलीतला एक जण ओरडला. "हम क्या सौतेले हैं?"

"तेरे लिए तो अंडा भी ज़्यादा है!" समोरून उत्तर आलं.

त्यांचा म्हातारा मुकादम मात्र हसला नाही. "कंपाउंडरसाब, दोनों कमरों का चूल्हा एक है. दवा भी एक होगी. नहीं तो सब वापस ले जाओ."

मी समजावून पाहिलं. खरं सांगतो, मलाच त्याचं म्हणणं पटलं. घमेलं मागवलं, सगळ्या ट्यूबा पिळल्या, त्यावर डबा उपडा केला आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं.

मग काय विचारता! लुंग्या खोचून पन्नासेक बाप्ये एकमेकांच्या पाठी माखायला लागले. पिवळेधमक. कुणीतरी लग्नातलं हळदीचं गाणं धरलं, मुकादमालाच नवरदेव करून मध्ये बसवलं. मलाही सोडलं नाही. इतका हसलेला मी नंतर स्वतःच्या हळदीलाही नव्हतो.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी दोन्ही खोल्या तपासल्या. सगळ्यांची कातडी स्वच्छ! "अरे, बरोबरीत सुटलं आपलं मलम!" म्हणत त्यांनी मला मिठी मारली, पेढा भरवला. मी तो खाल्ला.

पुढं कित्येक वर्षं आमचं मलम चहाच्या भावात गेलं. गणेशपुरीकडून माणसं यायची. पुष्कळ बरी झाली, तो आनंद खोटा नव्हता. काही मात्र खाजवतच परत आली. वळ गावची एक बाई पोर घेऊन आली, तेव्हा मी दटावलं, "चादरी उकळल्या न्हाईत ना?"

"उकळल्या व्हत्या वो दादा."

मी तिच्या हातात आणखी एक डबी ठेवली. तीच. ट्यूबसाठी कंपनीशी भांडायला कुणी गेलंच नाही; आमचं होतं ना बरोबरीचं!

डॉक्टर आता थकलेत. मी भेटायला गेलो की त्या दोन खोल्यांची गोष्ट पाहुण्यांना हौसेनं सांगतात. त्या खोल्यांत ताडून काही पाहिलंच गेलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे. आणि त्या बाईची माफी मागायची राहिली आहे.