पट्ट्यावरची पांढरी भुकटी

सरकारी कागदावर ख्वाजाभाई 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारे, होते. हा शब्द आमच्या गुरांच्या दवाखान्यात कुणालाच धड उच्चारता येत नव्हता. मुरगूडच्या अलीकडच्या त्या गावात लोक त्यांना छोटे डॉक्टर म्हणत आणि पदवी घेऊन आलेल्या मला 'ते नवीन पावणं'. मला राग यायचा. पण बैलाचं गळू कुठं फोडायचं, हे मीही त्यांनाच विचारायचो.

त्यांच्या बायकोनं, हुसेनबीनं, दारात एक कुत्री वाढवली होती, चंपी. ती उंबऱ्याच्या आत कधी येत नसे. हुसेनबी तिला बाहेरच भाकरी घालायची. मूलबाळ नव्हतंच, त्यात हुसेनबीही वारली. ख्वाजाभाईंची वाट बघणारं आता चंपीशिवाय कुणी उरलं नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात चंपीला गोचिडांनी घेरलं. कानात, बोटांच्या बेचक्यात, जिथं बघावं तिथं. मी शहाणपणा करून गोठ्यात मारायची पावडर तिला भरपूर चोळली. तिनं अंग चाटलं आणि तासाभरात झटके सुरू झाले. कशीबशी वाचली, पण पुन्हा पावडरीला हात लावायची माझी छाती झाली नाही. मग ख्वाजाभाई रोज चिमट्यानं एकेक गोचीड काढून रॉकेलच्या डब्यात टाकू लागले. मध्येच उठून, अंघोळ करून नमाज पढायचे आणि परत चिमटा हातात घ्यायचे. काढतील त्याच्या दुप्पट चढायचे. चंपीच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. रक्तवाढीची इंजेक्शनं चालू होती, पण गोचीड पीतच होते.

"महिना काढला तरी खूप," मी तोंडावर सांगून टाकलं.

"असं कसं म्हंता सायेब? हुसेनबीची हाय ती," एवढंच ते बोलले.

विलायतेत नोकरी करणारा माझा एक वर्गमित्र तेव्हा कोल्हापुरात आला होता. त्यानं गोचिडांवरचा एक पट्टा दिला, राखी रंगाचा, प्लास्टिकचा. "गळ्यात बांधा, तीन महिने बघायला नको," म्हणून मी तो ख्वाजाभाईंच्या हातात ठेवला. तो चालतो कसा, हे काही सांगितलं नाही. साहेबी अंगात मुरली होती, दुसरं काय!

दहा दिवस झाले तरी गोचीड हटेनात.

"पट्ट्याला बुरशी धरतीया सायेब," ख्वाजाभाई कुरकुरले. "रोज सांजचं फडक्यानं लख्ख पुसतोय की! सकाळी परत पांढरं हायच. विलायती माल बी नासका निघाला."

मी कपाळाला हात लावला. वीस वर्षं सुया-कात्र्या चकचकीत ठेवलेला माणूस. डाग दिसला की पुसणारच.

"अहो, बुरशी नव्हे, तेच औषध! प्लास्टिकात मळून घातलंय. रोज थोडं थोडं बाहेर येतं, केसांवरून अंगभर पसरतं."

ते चंपीजवळ उकिडवे बसले आणि पट्ट्याकडे बघतच राहिले.

"म्हंजे आपुन नसलो तरी ह्यो डोस देतोय? मापात?"

"मापात."

"या अल्ला! आन् आपुन आख्खी बाटली एकदम वततोय."

हे सगळं मी पुस्तकात वाचून परीक्षा पास झालो होतो, पण त्याचं नवल मला कधी वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून ते पहिल्यांदा वाटलं. इतक्यात त्यांचा आवाज बदलला.

"मी दहा दिस पुसलंय. आत काय उरलं आसंल का?"

मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते धापा टाकत माझ्या दारात आले. "आलंय सायेब! परत आलंय!" पट्ट्यावर पांढरी भुकटी होती. त्या दिवसापासून त्यांनी फडकं लावलं नाही. आठवड्यात चंपीच्या अंगाखाली वाळके गोचीड गळून पडू लागले. ख्वाजाभाई ते सगळ्या गावाला दाखवत सुटले.

महिन्याभरानं चंपी आपल्या पायांनी दवाखान्यात आली. मी तिचा ओठ वर केला. हिरडी गुलाबी होती. ख्वाजाभाईंनीही वाकून ती बघितली. बाहेर बैलांची रांग लागली होती. मला वाटलं, आता हे कामाला लागतील.

"सायेब, आज रजा द्या," ख्वाजाभाई म्हणाले. "हुसेनबीच्या कबरीवर जाऊन सांगून येतो."

ते पुढं आणि चंपी मागं, अशी दोघं निघाली.