चांदसैली घाटातली हाक

नंदुरबार स्टेशन आलं तेव्हा मी एका काळोख्या शहराच्या पोटात होते. हातात जाडजूड कादंबरी, निम्मी वाचून झालेली. तिच्यातल्या शहरात सांज झाली की रस्त्यावरचे दिवे एकेक करून विझतात आणि जुन्या भुयारी गटारांतून हरवलेल्या माणसांचे आवाज येऊ लागतात. आवाजामागून गेलेलं कुणीच परतत नाही. नायिका इराला बेपत्ता भावाची हाक ऐकू आली, ती झाकण सरकवून खाली उतरली आणि नेमकी गाडी थांबली. भुयारात काय आहे ते लेखकानं अजून एकदाही दाखवलं नव्हतं. नुसता आवाज, आणि माझ्या अंगावर काटा!

तळोद्याहून धडगावची जीप पकडली. तिथल्या शाळेत माझी मैत्रीण शिकवते. चालक रफीकभाई तळोद्याचेच. मागच्या बाकावर माझ्याशेजारी जिरमीबाई आणि त्यांची लेक सुनीता, मांडीवर चार दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून घरी निघालेली.

"भुताचं पुस्तक आहे का, ताई?" मुखपृष्ठ बघून सुनीतानं विचारलं.

"तसंच समज."

"मग बाळाजवळ नका वाचू."

मी हसून पुस्तक पिशवीत टाकलं.

घाट चढता चढता ढग जीपमध्येच शिरला. रफीकभाईंनी ब्रेक दाबला. "काहीच दिसी नही ऱ्हायनं (काहीच दिसत नाहीये)." वरून सुटे दगड घरंगळत होते, एक टपावर आदळला. थांबणंही धोक्याचं. जिरमीबाई पावरी बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

सुनीतानं सांगितलं, "आई पुढं चालते म्हणते. हाक देत राहील. हाकेमागं गाडी आणा."

दोन पावलांत बाई दिसेनाशा झाल्या. उरली ती फक्त हाक. "होऽऽ... होऽऽ..." तिच्यामागून जीप मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. इराचं भुयार मला आठवलं.

मग हाक थांबली.

"आई!" सुनीता ओरडली. बाळ रडायला लागलं. रफीकभाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बऱ्याच वेळानं हाक आली, पण समोरून नाही, पार उजवीकडून. रफीकभाईंना रस्ता सरळ वाटत होता. क्षणभर थबकून त्यांनी चाक उजवीकडे वळवलं.

घाटमाथ्यावर ढग विरला. जिरमीबाई चिंब भिजून उभ्या होत्या. भीती नाही वाटली का, मी विचारलं. सुनीतानं त्यांचं उत्तर मला सांगितलं. "वाटली ना. पाय पुढं टाकला तर खाली जमीनच नव्हती. आवाजच फुटेना. मग बाळ रडलेलं ऐकलं."

मैत्रिणीकडे दादरची (इकडची टपोरी ज्वारी) भाकरी आणि उडदाची डाळ जेवले. कादंबरी उघडली. तोच काळोख, तितकाच जबरदस्त. पण आता इरानं मागं फिरू नये असं वाटायला लागलं होतं. हाक मारणारं तिथं खरंच कुणी अडकलेलं असेल तर?

परतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. एका वळणावर रफीकभाईंनी स्वतःहून जीप थांबवली. जाताना डावीकडे होती ती रस्त्याची बाजू कोसळलेली होती. खाली हिरवीगार, अथांग दरी. इतकी खोल, की तिच्यात तरंगणारी घार आम्हाला वरून दिसत होती. सरळ गेलो असतो तर आम्ही तिच्याही खाली गेलो असतो.

रफीकभाई कानाला हात लावून म्हणाले, "मी चाक सरळच धरेल व्हतं (धरलं होतं), ताई."

दोघंही बराच वेळ त्या घारीकडे बघत उभे राहिलो.