नाना बाजूला झाला

"अय्या, हा परत आला," समोर बसलेली मुलगी म्हणाली आणि चक्क हसली.

आम्ही तिच्या मागे अंधारात उभे होतो. स्क्रीनवर हॉटेलच्या जिन्यावरून एक उंच माणूस उतरत होता. अंगात ओला रेनकोट, मान जरा कललेली. गेमच्या पहिल्या भागात त्याला बघून लोक हेडफोन काढून ठेवायचे. ही मुलगी मात्र जुना शेजारी भेटावा तशी खूष झाली. मग गेममध्ये वळली, आरामात पळाली आणि निसटली.

बापट सर, म्हणजे आमचे बॉस, माझ्या कानाशी म्हणाले, "लेलेबाई, चहा विचारा तिला. त्यालाही."

मी तेव्हा कोथरूडमधल्या एका लहान गेम स्टुडिओत ॲनिमेशन लीड होते. परदेशी कंपनी गेम काढायची, त्यातला काही भाग पुण्यात आमच्याकडे व्हायचा. भयकथेच्या या मालिकेत आमच्याकडे एकच गोष्ट होती, तिचा खलनायक. मालिकेचं नाव लिहीत नाही, करारात मनाई आहे. खलनायकाला क्लायंटने भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही त्याला नाना म्हणायचो. पहिल्या भागात तो वसतिशाळेत फिरायचा, दुसऱ्यात जहाजावर, आता डोंगरातल्या जुन्या हॉटेलात. तो कधी पळत नसे आणि त्याला मारता येत नसे.

मुलगी हसली ती प्लेटेस्टमध्ये. प्लेटेस्ट म्हणजे बाहेरच्या माणसाला अर्धवट गेम खेळायला बसवायचं आणि आपण गप्प राहून त्याच्याकडे बघायचं. त्याआधीच्या प्लेटेस्टमध्येही लोक हसले होते. क्लायंटच्या बाजूने मार्टिन नावाचे गृहस्थ काम बघायचे. त्यांनी स्पष्ट कळवलं होतं, की पुढच्या बिल्डमध्ये नाना घाबरवणार नसेल तर त्याला पहिल्याच प्रकरणात मारायचं. नवा खलनायक दुसरा स्टुडिओ करेल. बिल्ड म्हणजे त्या दिवसापर्यंत तयार झालेला, चालवून बघता येईल असा गेम. नानाच्या मरणाचं ॲनिमेशनसुद्धा त्यांनी आमच्याकडूनच करून घेतलं. मी ते केलं. करताना मला रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

कारण नाना माझा होता. त्याचं चालणं मी घडवलं होतं. चालणं म्हणजे एक लूप असतं, दोन पावलं पुन्हा पुन्हा. ती दोन पावलं मी वर्षानुवर्षं बघत आले. आमच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला होता. बाहेर भर दुपार, शेजारच्या सोसायटीतून कुकरच्या शिट्ट्या, आणि आत नाना चालतोय. जेवायला बाहेर पडलं की उन्हात सगळं खोटं वाटायचं. रस्त्यावरच्या माणसांचे पाय जमिनीवर नीट टेकतायत की घसरतायत, ते मी तपासत बसायचे. बसमध्ये पेंग आली की नाना दारातल्या दांड्याला धरून उभा दिसायचा. त्याची भीती वाटायची नाही. उतरताना त्याला सांगावंसं वाटायचं, चल, आपला स्टॉप आला. सासूबाई लोकांना सांगायच्या, सून कॉम्प्युटरमध्ये आहे. ते खरंच होतं.

नानाला वाचवायला आम्ही सगळं केलं. त्याचा वेग वाढवला, तर तो बस चुकलेल्या माणसासारखा दिसायला लागला. आवाज वाढवला. दात लांब केले.

"दात कशाला?" बापट म्हणाले. "डेंटिस्टकडे न्यायचाय का त्याला?"

दात काढून टाकले.

बिल्ड पाठवायच्या दिवशी दुपारी शेवटची प्लेटेस्ट ठेवली. बापटांच्या ओळखीचे शिंदे नावाचे बँक अधिकारी जेवणाच्या सुट्टीत आले. खेळ बरा खेळायचे. हॉटेलच्या तळमजल्यावर नोकरांसाठी एक अरुंद बोळ होता. शिंदे त्यात शिरले आणि मागचं दार बंद झालं. समोरून नाना. इथे तो पकडतो आणि खेळ संपतो, असं आम्ही ठरवलेलं होतं.

नानाने पकडलं नाही. तो थांबला. सावकाश वळला, पाठ भिंतीला लावली, हात अंगाशी घेतले. अर्धा बोळ मोकळा झाला. तो शिंद्यांना वाट देत होता.

शिंद्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. खोलीत फक्त मशीनच्या पंख्याचा आवाज.

"अहो, जा ना पुढे," बापट म्हणाले.

"तुम्ही जा," शिंदे म्हणाले.

ते शेवटपर्यंत गेले नाहीत. बँकेत उशीर होतोय म्हणून उठले. जाताना खोलीतला दिवा त्यांनी स्वतःच लावला.

"हे काय होतं?" बापटांनी विचारलं.

प्रज्ञा कोपऱ्यातून उठली. ती पात्रांच्या वागणुकीचं प्रोग्रॅमिंग करायची. कोणी कधी बघायचं, कधी थांबायचं, कधी पाठलाग करायचा, ते सगळं तिच्याकडे. यवतमाळची मुलगी, कसबा पेठेत खोली घेऊन राहायची.

"ताई, माझंच चुकलं," ती मला म्हणाली. "हॉटेलच्या नोकरांसाठी केलं होतं ते. बोळात कोणी समोर आलं की बाजूला व्हायचं. पण मी ते सगळ्यांच्याच मुळात टाकून दिलं ना. म्हणून नानाही बाजूला होऊन राहिला."

इथे थोडं समजावते. गेममधल्या सगळ्या पात्रांचा एक सामाईक पाया असतो. भिंत आली की अडायचं, पायरी आली की चढायचं, हे त्यात एकदाच लिहायचं. मग प्रत्येकाचे वेगळे गुण वर चढवायचे. वाट देणं हा नोकरांचा गुण होता. प्रज्ञाने तो या सामाईक पायामध्येच घातला होता.

"पण सगळ्यांना का लावलंस?" मी विचारलं.

"गल्लीत सगळेच होतात ना बाजूला," ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "आमच्या गल्लीतले दादा लोकपण होतात. नाहीतर कोणी घरी कसं पोचणार?"

"बग आहे, बंद करा," बापट म्हणाले. "संध्याकाळी बिल्ड जायचंय."

एका ओळीचं काम होतं. प्रज्ञा खुर्चीत बसलीसुद्धा. मी तिला म्हटलं, "थांब. हात लावू नकोस."

"लेलेबाई, क्लायंटला काय सांगायचं? आमच्या राक्षसावर चांगले संस्कार आहेत?"

"सर, तुम्ही एकदा खेळून बघा."

बापट गेम कंपनी चालवायचे, पण गेम खेळायचे नाहीत. हलवायाने मिठाई खाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मात्र बसले. मी त्यांना बोळापर्यंत नेऊन सोडलं. नाना आला, थांबला, भिंतीला टेकला. मग बापटांनी नानाच्या पुढून जायला सुरुवात केली, आणि मला दिसलं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी अंग चोरलंय. नानाने काहीही केलं नाही. फक्त मान फिरवून ते जाताना बघितलं.

पलीकडे पोचल्यावर बापटांनी कपाळ पुसलं. "पाठवा," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मार्टिन कॉलवर आले. त्यांनी स्वतः खेळून बघितलं होतं. नाना मरणार की जगणार ते आता ठरणार होतं.

"त्या बोळात तो हल्ला का करत नाही?" त्यांनी विचारलं.

बापट माझ्याकडे बघायला लागले, मी टेबलाकडे. प्रज्ञा कॉलवर कधी बोलत नसे. ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली, "सर, ज्याला घाई नाही तो बाजूला होतो."

पलीकडे आवाज बंद झाला. मार्टिन कोणाशी तरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. मग आवाज परत आला.

"मरण रद्द करा," ते म्हणाले. "पण हे चुकून झाल्यासारखं दिसतंय. नीट करा."

मी टेबलाखाली प्रज्ञाचा हात घट्ट धरला. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

नीट करायचं म्हणून मी प्रज्ञाबरोबर तिच्या गल्लीत गेले. दुपारची वेळ. कुठून तरी तांब्यावर हातोडी पडल्याचा एकसारखा आवाज येत होता. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. माणसं येत होती, समोरासमोर होत होती, एकजण भिंतीला लागत होता, दुसरा जात होता. कोणी काही बोलत नव्हतं. हातोडीच्या ठेक्यात बघता बघता मला गुंगी आली, की ऊन लागलं होतं, सांगता येत नाही. गल्लीतली सगळी माणसं माझ्या लूपमध्ये चालायला लागली. त्यांच्यात रेनकोट घातलेला एक उंच माणूसही होता, आणि लोक त्यालाही वाट देत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"ताई, बघितलं का?" प्रज्ञाने मला हलवलं. "कोणी बघत नाही."

एक गृहस्थ खांद्यावर हंडा घेऊन भिंतीला टेकून उभे होते. समोरच्या बाई त्यांच्या पुढून गेल्या. त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. नजर खाली, जमिनीवर. बाई गेल्या तसे ते निघाले.

आमचा नाना मान फिरवून बघायचा. दुसऱ्या दिवशी मी ते काढून टाकलं. आता तो वाट देतो, खाली बघतो आणि तुम्ही जाईपर्यंत थांबतो. नवा बिल्ड आमच्यातल्याच एका टेस्टरने खेळून बघितला, आणि त्या दिवशी तो घरी जायला कोणाची तरी सोबत शोधत होता.

तिसरा भाग चालला. लोक एकमेकांना त्या बोळाबद्दल सांगायला लागले. बापटांनी ऑफिसात पेढे वाटले आणि वर म्हणाले, "संस्कार वाया जात नाहीत."

मग मार्टिनचा मेल आला. खलनायक आता इतका महत्त्वाचा झालाय, की पुढच्या भागात त्याचं सगळं काम ते स्वतःच्या ऑफिसात करणार होते. करारानुसार पात्र त्यांचंच होतं. त्याच्या फायली, त्याचं चालणं, त्याची प्रज्ञाने लिहिलेली वागणूक, सगळं पाठवायचं होतं. प्रज्ञालाही त्यांनी बोलावलं, आणि ती गेली. जायलाच हवं होतं. मी तिला तसं सांगितलंही.

फायली मीच पाठवल्या. प्रोग्रेस बार हळूहळू भरत गेला. मागे उभे असलेले बापट म्हणाले, "नवीन काम आलंय, मोबाइलवरचा लुडो. उद्यापासून सोंगट्या चालवायच्या."

"त्यांना पाय नसतात, सर."

"तेवढंच काम कमी."

आता मी निवृत्त आहे. नव्या मुलांनी विचारलं तर एवढंच सांगते, की प्लेटेस्टमध्ये स्क्रीनकडे बघू नका, खेळणाऱ्याकडे बघा. दुसरी गोष्ट सहसा सांगत नाही. नाना मरू नये म्हणून मी देवापासून मार्टिनपर्यंत सगळ्यांना विनवलं होतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. तो आमच्याकडेच राहावा, हे मागायचं मला सुचलंच नाही.