चाचांच्या फळ्यावरचं खोटं

खोटं न बोलता म्हातारा झालेला एकच माणूस मी आमच्या गावात पाहिला, आणि त्याच्या नावावर जे एकुलतं एक खोटं चढलं, ते माझं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. मी नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कारकून आहे. या खात्यात वीस-बावीस वर्षं काढली की गप्प बसायची कला माणसाला आपोआप येते. पण चाचांबद्दल गप्प बसणं आता जड जायला लागलंय, म्हणून लिहितो.

चाचा मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. आष्टीपासून वाटूर फाट्यापर्यंत कुठंही ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी दिसली की अक्षर चाचांचं समजावं. त्यांचा ‘थ’ इतका देखणा होता की लोक दोन मिनिटं थांबून तो बघत आणि मग थुंकत. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रशला कुणी विचारेना. दुसरा एखादा पेंटर पानटपरी टाकून मोकळा झाला असता. चाचांनी चौकातल्या जुन्या प्रवासी निवाऱ्याची एक भिंत काळी रंगवली आणि तिच्यावर रोज खडूनं नगर परिषदेच्या बातम्या लिहायला सुरुवात केली. पाणी कुठल्या प्रभागाला, घंटागाडी कुठल्या गल्लीला, कुठली मुदत कधी संपते, कुणाची मयत किती वाजता, कुणाची शेळी हरवली. डाव्या बाजूला मराठीत, उजव्या बाजूला उर्दूत. त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नका म्हणायची सोय नव्हती.

वाचायला हे फार गोड वाटतं. पण त्या फळ्याला रोजची बातमी पुरवणारा मी होतो. माझ्या खुर्चीवर चार दिवस बसून बघा. सकाळी सव्वाअकराला, म्हणजे मी चहाचा पहिला घोट घेताना, चाचा दारात उभे. पांढरा सदरा, कानामागे खडू, हातात शाळकरी वही. "बाबूसाहेब, उद्याची पाळी कुणाची?" मी म्हणायचो, पाचची. "पाचची पूरी का अर्धी?" पूर्ण. "किती वाजता?" सकाळी. "सकाळ चार वाजता बी असते अन् दहा वाजता बी. बाईमाणसानं कधी उठावं?" मी म्हणायचो, सहा वाजता लिहा. हे लिहून घेऊन ते थेट चावी फिरवणाऱ्या वॉलमनकडे जायचे आणि त्यालाही विचारायचे. मग फळ्यावर अक्षरशः असं यायचं: ‘प्रभाग पाच, पाणी उद्या. नगर परिषद म्हणते, सहा वाजता. वॉलमन म्हणतो, बघू.’ मुख्याधिकारी साहेबांनी यावरून मला दोनदा आत बोलावलं. चाचांना एकदाही नाही, कारण ते कर्मचारी नव्हते; कर्मचारी मी होतो.

संध्याकाळी पाच वाजता, मी पिशवी उचलून निघायच्या बेतात असताना, ते परत यायचे. तोच प्रश्न घेऊन. "उद्याची पाळी पाचचीच ना? काही बदल?" सकाळी सांगितलं ना, असं मी म्हटलं की शांतपणे म्हणायचे, "सकाळचं सांगणं अन् संध्याकाळचं सांगणं एक निघालं, तरच ते खरं. मंग मी खडू खाली ठेवतो." रविवार सोडून रोज. माझे सासरे आजारी असताना त्यांचीसुद्धा मी दिवसातून दोनदा चौकशी केली नव्हती.

एका वर्षी नगर परिषदेनं शिलकी अर्थसंकल्प मंजूर केला. सभागृहात टाळ्या झाल्या, पेढे वाटले. चाचा पेढा हातात धरून माझ्यासमोर बसले. "बाबूसाहेब, शिल्लक हाये म्हणता, तर ती कुठं हाये?" मी म्हणालो, कागदावर असते चाचा. "मंग मी बी फळ्यावर लिहितो, शिल्लक हाये. बघणारानं विचारलं तर काय सांगू?" मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी फळा म्हणत होता: ‘अर्थसंकल्प मंजूर. शिल्लक आहे. कुठे आहे ते विचारले आहे. पेढे चांगले होते.’ दिव्यांचंही तसंच. सगळं गाव बंद दिव्यांबद्दल ओरडतं, पण चाचा खांब मोजून यायचे. ‘अडत बाजार, तिसरा खांब, बंद. अर्ज चार दिले. खांब तोच आहे.’ विद्युत विभागाच्या आमच्या सहकाऱ्यानं वैतागून शेवटी तो एकच दिवा लावला. त्यावर फळ्यानं लिहिलं, ‘तिसरा खांब चालू. चौथा बघावा.’

त्यांच्या या चिकटपणाचा कळस म्हणजे अडतीवरच्या एका म्हाताऱ्या शेटजींची मयत. एका सकाळी गावभर मोबाईलवर शेटजींचे हार घातलेले फोटो फिरले. आमच्या नगराध्यक्षांनी तर श्रद्धांजलीत त्यांना मार्गदर्शकही करून टाकलं. चाचा खडू घेऊन आधी शेटजींच्या घरी गेले. शेटजी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. चाचांनी सलाम केला, त्यांच्याबरोबर अर्धा कप घेतला आणि फळा कोरा ठेवून घरी गेले. अंत्ययात्रेला निघालेली माणसं चौकात आली, फळा बघितला, आणि तिथूनच माघारी फिरली. कुणीतरी म्हणालं, "फळ्यावर न्हाई, म्हंजे जिता हाये." त्या दिवसापासून गावात हा वाक्प्रचारच पडला. मुलीला स्थळ आलं तरी लोक विचारायचे, फळ्यावर हाये का.

माझा वैताग मात्र वाढतच गेला. खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडा मत्सरही होता. सही-शिक्क्याची नोटीस मी काढायचो आणि लोकांचा भरोसा चाचांच्या खडूवर.

मग माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. घरीच करायचा होता. आमचं घर चौथ्या प्रभागात. त्या उन्हाळ्यात नळाला नवव्या-दहाव्या दिवशी पाणी यायचं, आणि आमच्या घरचा बोअर आटलेला. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी चाचांनी विचारलं, मी सांगितलं, उद्या प्रभाग सहा. तेव्हा ते खरंच होतं. दुपारी बायकोचा फोन आला. टँकरवाला नाही म्हणाला, पाहुणे ऐंशी, टाकीचा तळ दिसतोय. मी वॉलमनला बोलावलं आणि सांगितलं, उद्या सहाच्या ऐवजी चारची चावी सोड, सहाला परवा देऊ. तो ‘बरं’ म्हणून निघाला. त्या खात्यात तो माझ्याइतकाच जुना होता.

पाच वाजता चाचा आले. मी पिशवी उचललेली होती. "बाबूसाहेब, उद्या सहाचीच ना? काही बदल?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फळ्यावर आलं असतं, ‘सहाची पाळी चारला. कारण विचारले आहे.’ आणि कारण सगळ्या गावाला कळलं असतं, कारण पत्रिका मीच वाटल्या होत्या. मी म्हणालो, "नाही हो चाचा, एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला? सहाचीच." आवाज चढवला. रोजच वैतागायचो, त्यामुळे त्या दिवशीचा वैताग खरा वाटला असणार. चाचा म्हणाले, "बराबर," आणि वही मिटली.

सकाळी सहाव्या प्रभागातल्या बायका घागरी, ड्रम, पातेली मांडून नळाशी बसल्या. आठ वाजेपर्यंत थेंब नाही. शेजारच्या चारमध्ये मात्र नळ धो धो वाहतोय. त्या तरातरा चौकात आल्या. हे मी पाहिलं नाही. वॉलमननं नंतर सांगितलं. एक जण म्हणाली, "ओ चाचा, रात पडल्यापासून भांडे रिकामे करून ठेवले आम्ही, तुमच्या फळ्याच्या भरोशावर. होतं नव्हतं ते पाणी कपड्यावर घातलं. आता लेकरांना काय खडू पाजू?" दुसरी म्हणाली, "म्हातारं चळलं आता, दुसरं काय." आणि तिनं रिकाम्या घागरीच्या चुंबळीनं फळा पुसून टाकला. चाचा बाजूला उभे राहून बघत होते म्हणे.

दुपारी ते माझ्या घरी साखरपुड्याला आले. सदऱ्याला इस्त्री होती. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पाहुण्यांशी दोन शब्द बोलले, पाणी मागितलं, बसून प्याले, पेला खाली ठेवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत वाढप्यांवर उगाच ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला ते आले. या वेळी वही उघडली नाही. "बाबूसाहेब, काल चारला पाणी आल्तं. मी संध्याकाळी विचारायला आल्तो ना? तुम्ही काय सांगितल्तं?"

शेजारच्या टेबलावरची मंडळी ऐकत होती. मी फाईलमध्ये बघत म्हणालो, "बदल झाला होता. मी तुम्हाला सांगितलं होतं, चाचा. चारला आहे म्हणून. विसरलात तुम्ही."

त्यांनी मिटलेल्या वहीवर हात ठेवला. मला वाटलं, आता वही उघडतील आणि वाचून दाखवतील. पण वहीत तरी काय असणार, सहाच. लिहिताना ते चुकले, एवढाच त्याचा अर्थ होत होता. शेवटी म्हणाले, "असं झालं का. मला तर बिलकुल याद न्हाई." मग उठता उठता, "बरं झालं सांगितलं. वय झालं आता." मराठीत आणि उर्दूत त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘पाण्याचा बदल फळ्याला सांगितला होता. लिहायचे राहिले. चूक माझी. सहाव्या प्रभागाची माफी.’ आठ दिवस ते पुसलं नाही. मी आठ दिवस मागच्या गल्लीनं ऑफिसला गेलो.

त्यानंतर ते मला दोनदा नाही, चार-चारदा विचारायला लागले. मग वॉलमनकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायला लागले. मग एकदा मला म्हणाले, "सकाळी मी तुमच्याकडं येऊन गेल्तो का?" ते येऊन गेले होते. काही महिन्यांनी फळा बंद झाला. कुणी बंद पाडला नाही. त्यांनीच खडूचा डबा मदरशाला देऊन टाकला. आता नगर परिषदेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. संदेश मीच टाकतो. ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा एक दिवस उशिराने होईल, नागरिकांनी सहकार्य करावे.’ उत्तर द्यायची सोय मी बंद ठेवलीय. पाच वाजता दारात कुणी नसतं. मी वेळेवर घरी जातो, आणि खरं सांगू, ती पाच ते सव्वापाचची पंधरा मिनिटं मला कशात घालावीत ते अजून समजत नाही.

चाचा आता शहागडला असतात, लेकीकडे, हायवेला लागूनच. दोन महिन्यांपूर्वी मी गेलो होतो. सगळं सांगायचं ठरवूनच. मला बघून त्यांना आनंद झाला. माझ्या मुलीचं, जावयाचं, वॉलमनच्या गुडघ्याचंसुद्धा नाव काढून विचारलं. तिसऱ्या खांबाचं काय झालं, हेही. एकही गोष्ट विसरले नव्हते. मग लेकीनं ताट आणलं तेव्हा तिला म्हणाले, "मैं खाना खा चुका क्या?" ती म्हणाली, "नहीं अब्बा, अभी बैठो." मला बाहेरपर्यंत सोडायला आली तेव्हा सांगू लागली, "डॉक्टर बोलतात, काही बी न्हाई, सगळं बराबर हाये. पण त्यांना स्वतःवर भरोसाच न्हाई राहिला. हर बात मला विचारून करतात." मी मान डोलावली. समोरून ट्रक जात होते. तिला तिथंच खरं सांगता आलं असतं. मी एस. टी. पकडली.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना कुठलाही बदल सांगितला नव्हता. ते विसरले नव्हते. एवढंच त्यांच्या तोंडावर, त्यांच्या लेकीसमोर सांगायचं देणं मी त्यांना लागतो, आणि ते मी अजून फेडलेलं नाही.