थोरला, धाकटा आणि आमचे साडू

एका जातीच्या दोन वस्तू जगात शिल्लक आहेत तोवर आमच्या साडूंना मरायलासुद्धा सवड मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. हा गृहस्थ म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. दोन पंखे, दोन दंतवैद्य, दोन दुकानांतली मिसळ, काहीही समोर ठेवा. त्यांतलं बरं कोणतं हे ठरवण्यासाठीच त्यांचा जन्म झालेला, आणि ठरवणं संपेपर्यंत दोन्हींना हात न लावण्याची शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली. स्कूटर घ्यायचं मनात आल्यापासून ती दारात येईपर्यंत त्यांनी दोन कंपन्यांच्या स्कूटरींचा इतका अभ्यास केला, की त्यांतल्या एका कंपनीने तोवर स्कूटर काढणंच बंद केलं. मेहुणी एकदा शांतपणे म्हणाली होती, "दाजी, आमच्या लग्नाच्या टायमाला ह्यांस्नी दुसरी मुलगी बघायला गावलीच न्हाय. न्हायतर मी अजून माहेरातच असते की!"

नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी आमच्या गावच्या मंगळवार पेठेत, मिरची कांडपाच्या गिरणीवरच्या माडीत, कॉम्प्युटरचं ऑफिस थाटलं. गिऱ्हाईक मी आणायचं आणि प्रोग्राम साडूंनी लिहायचा, अशी वाटणी. पहिलं गिऱ्हाईक गुळाचे एक अडते. शेतकऱ्याला गुळाच्या विक्रीची जी पट्टी द्यावी लागते, ती कॉम्प्युटरवर निघावी, एवढीच त्यांची मागणी. मी खुशीत काम घेऊन आलो, तर साडू म्हणाले, "पावणं, लिवायला काय लागतंय? पण आधी एन्व्हायर्नमेंट तयार पायजे." एन्व्हायर्नमेंट म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची कॉम्प्युटरमधली बैठक: अक्षरं कुठल्या रंगाची, कुठलं बटण दाबलं की काय व्हायचं, लिहायचं कशात आणि चूक शोधायची कशाने. ही बैठक मांडून देणारी तयार साधनं मिळत. आमच्या दुर्दैवाने ती एकाहून जास्त मिळत. साडूंनी गावली तेवढी आणली, सगळी एकाच मशीनमध्ये घातली, आणि मग सकाळी मशीन चालू केलं की ते आधी आम्हालाच विचारू लागलं, आज कुठल्या बैठकीत बसणार? चुकीचं उत्तर दिलं की ते रुसून काळंठिक्कर पडे. मला साधं एक पत्र टाइप करायचं असलं तरी साडूंच्या परवानगीशिवाय आत शिरता येत नसे. कोणी विचारलं, साहेब काय करताहेत, की मी सांगायचो, "त्यांचं सेटिंग चाललंय." आमच्याकडे या शब्दाचा जो अर्थ घेतात तो घेऊन गिरणीवाल्याने ही बातमी थेट माझ्या मेहुणीच्या कानावर घातली. ती तरातरा माडी चढून आली, साडूंच्या पाठीमागून पडद्यावर डोकावली, तिथल्या निळ्या-पिवळ्या अक्षरांकडे बघत राहिली आणि, "एखादी बाई असती तर बरं झालं असतं," असं म्हणून खाली उतरली.

गुळाचा हंगाम तोंडावर आला तसे अडते स्वतःच आले. खाली चटणीसाठी मिरची कांडली जात होती, त्यामुळे ते शिंकतच वर पोचले. साडूंनी त्यांना आदराने बसवलं, निळा पडदा दाखवला, हिरवा दाखवला आणि विचारलं, "ह्यातला डोळ्याला गार कुठला वाटतोय?"

"दोन्ही झकास हायत की. पट्टी कुठं हाय?"

"पट्टी हुतीया हो. आधी वातावरण तयार करायला लागतंय."

अडते पुन्हा सडकून शिंकले. "वातावरणाचं म्हणाल तर आधी ती खालची मिरची थांबवा. आणि तुमास्नी उचलून आता माझ्या पेढीवर नेतोय. चला!"

खरोखरच नेलं. पेढीवरच्या मशीनवर ना निळा पडदा ना हिरवा, काहीच सेटिंग नव्हतं. गुळाच्या ढेपा, माश्या आणि हमालांची आरडाओरड यांच्या मधोमध बसून साडूंनी जो प्रोग्राम उतरवला, तो पुढे कित्येक हंगाम एकदाही अडखळला नाही. मी शाबासकी द्यायला गेलो तर चेहरा पडलेला. म्हणाले, "वातावरण न्हवतं वो. न्हायतर ह्याच्यापेक्षा बरा झाला असता."

पण त्यांची खरी परीक्षा पुढे झाली, नवं शतक लागल्यावर. एका दूध संस्थेने गावोगावची संकलन केंद्रं टेलिफोनच्या तारांवरून मुख्य कार्यालयाला जोडायचं ठरवलं, आणि हे सगळं जाळं सांभाळायचं काम आमच्याकडे आलं. आमच्या ऑफिसने एवढं मोठं काम कधी पाहिलं नव्हतं. हे बिनसलं असतं तर माडीला कुलूप लावून मला मिरचीच कांडायला बसावं लागलं असतं. जाळ्यावर नजर ठेवणारी साधनं असतात. ती प्रत्येक केंद्राच्या मशीनला सारखी हाक मारतात, आहेस का? ते ओ देतं. ओ आली की पडद्यावर हिरवा ठिपका, नाही आली की लाल. असं एक साधन पुरे होतं. साडूंनी दोन आणली. एकाला थोरला म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. आधी हाती आला तो थोरला, एवढंच कारण. "दोन्ही शेजारी शेजारी पळू देत," ते म्हणाले, "मग कळंल कोण गडी हाय ते."

पहिल्याच सकाळी आम्ही संस्थेच्या मुख्य कार्यालयात बसलेलो असताना उचगावच्या केंद्रावरून फोन आला. रांग रस्त्यापर्यंत गेलेली, दूध मापून झालेलं, पण मशीन पावती काही देईना. मागोमाग कळंब्याहून फोन, मग आणखी कुठून कुठून. संस्थेच्या अध्यक्षांच्या केबिनमधला पडदा लालभडक झालेला. फोनवर एक बाई ओरडत होत्या, "पोरगीची शाळा हाय, रानात वैरण पडलीया, आणि तुमचं यंत्र गप बसलंय! दूध नासलं तर तुमच्या दारात आणून ओतीन!" मी घामाने निथळत होतो. साडू मात्र पडद्यासमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरू लागला, की मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"पावणं, गावलं!" ते ओरडले. "आपणच हाय!"

झालं होतं ते असं. तारा अरुंद. थोरला विचारी, आहेस का? मशीन 'आहे' म्हणेपर्यंत धाकटा विचारी, तू आहेस का? दोघांना ओ देता देता मशीनला उशीर झाला, की दोघेही घाबरत आणि दुप्पट वेगाने विचारू लागत. आजाऱ्याला भेटायला दोन घरचे पाहुणे एकदमच यावेत आणि तब्येत विचारून विचारून त्यालाच धाप लागावी, तशी त्या मशीनची गत. दुधाच्या आकड्यांना तारेतून सरकायला जागाच उरली नव्हती.

साडूंनी तिथल्या तिथे दोन्ही साधनं बंद केली. केंद्रांवरच्या पावत्या फडफडत निघू लागल्या. तेवढ्यात अध्यक्षांचं बोलावणं आलं. जिन्यात मी साडूंच्या कानाशी लागलो, "टेलिफोनच्या तारा खराब हायत म्हणून सांगू. कोण बघायला जातंय?" त्यांनी मान हलवली, ती होकाराची असं मी धरून चाललो. केबिनमध्ये शिरताच हा गृहस्थ म्हणतो, "साहेब, आमचंच चुकलंय. दोन साधनं लावलेली, त्येंच्या हाकाटीनं जाळं गुदमरलं."

मी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष म्हणाले, "आजवर हितं जो आला त्यो दुसऱ्याचंच नाव सांगून गेला. बरं, आता एकच ठेवा. चांगला कुठला त्यातला?"

साडू बोटांवर मोजत सांगू लागले. थोरला सावध आहे पण जड आहे. धाकटा चपळ आहे पण उगाच बोंब मारतो. थोरल्याचे नकाशे सुरेख, धाकट्याची मांडामांड सोपी... "साहेब, आणि म्हैनाभर दिला असता तर..."

"नावं काय म्हणालासा?"

"थोरला आणि धाकटा. पण ती आपली आम्ही..."

"मग इचार कसला करताय? थोरला ठेवा. घरात थोरल्याचंच चालतंय."

अशा रीतीने इतक्या दिवसांच्या अभ्यासाचा निकाल लागला. थोरला त्या संस्थेत वर्षानुवर्षं सुखाने नांदला. काम आमच्याकडे राहिलं आणि अध्यक्षांनी आणखी दोन संस्थांना आमचं नाव सांगितलं. साडूंना मात्र ही गोष्ट लागली. मी दिलेला पेढा त्यांनी खाल्ला नाही. "हा निकाल न्हवं पावणं," ते म्हणत राहिले, "ही भाऊबंदकी झाली."

पुढे काळाला उशिरा का होईना शहाणपण सुचलं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने साडूंना नोकरीला बोलावलं. काम काय, तर जाळी सांभाळणाऱ्या आणि बैठका मांडणाऱ्या साधनांची तुलना करणं! त्यासाठी तिथे एक अख्खी खोली होती, म्हणे, आणि त्या खोलीतल्या कुणालाच कधी काही ठरवावं लागत नसे. मी पोट धरून हसलो. मेहुणी म्हणाली, "दाजी, जगात आणि बी अशी माणसं हायत म्हणायची." साडूंनी या वेळी नेहमीसारखा वेळ घेतला नाही. मुलीचं शिक्षण पुण्यात चांगलं होईल, एवढंच बोलले आणि हो म्हणून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते दिवसभर ऑफिसात माझ्या मशीनसमोर बसून होते. मी म्हटलं, आता तरी पुरे करा की. ते हसून पुढचं बटण दाबून बघू लागले. संध्याकाळी किल्ली माझ्या हातात ठेवली, "येतो पावणं," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू केलं. त्याने मला काहीच विचारलं नाही. पत्र लिहायची जागा थेट समोर आली. अक्षरं चांगली टपोरी झाली होती. मला चाळिशी लागली होती आणि चष्मा लावायची लाज वाटत होती, हे मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. उजव्या हाताची करंगळी तालमीत मोडल्यापासून माझी नीट वाकत नाही. त्या करंगळीने दाबायची बटणं त्यांनी डाव्या हाताखाली आणून ठेवली होती. इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस साधनांकडे बघतोय असंच मी समजत होतो.

खाली मिरची कांडायला सुरुवात झाली. मी उठून खिडकी लावून घेतली आणि पुण्याला पत्र लिहायला बसलो.