गावदेवीला दाखवलेली गाडी

उभ्या जागी गाडी एका लयीत चालत नसे. आरपीएमचा काटा वर चढे, खाली घसरे, आता बंद पडणार असं वाटेपर्यंत मंद होई आणि मग एकदम उसळे. सकाळी इंजिन गार असताना तर फारच. लांबच्या प्रवासाची, फ्युएल इंजेक्शनवाली मोटरसायकल; मी हौसेनं घेतलेली. पनवेलच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "शेठ, दमा झालाय का हिला?" मी त्याला शिवी दिली, पण तो खोटं बोलत नव्हता.

गाडी आधी माझ्या मित्राची. तो उरणकडच्या गावातला, जमीनजुमल्याचा माणूस. मी दुसऱ्याच्या टेम्पोत लाद्या वाहत इथे आलो आणि पुढे बांधकाम सामानाचं दुकान टाकलं. त्याच्याइतका विश्वास मी सख्ख्या भावावरही टाकला नाही.

जुनी गाडी घ्यायची तर मी आधी कळवत नाही. अवचित जातो, इंजिनवर तळहात ठेवतो आणि ते गार असेल तरच चालू करायला सांगतो. मालकानं तापवून ठेवलेलं इंजिन म्हणजे औषध पाजलेला बैल. पण मित्राच्या दारात असली तपासणी कोण करणार? भाव आदल्या दिवशी नाक्यावरच्या हॉटेलात, त्याच्या गाववाल्यांसमोर घासाघीस करून ठरला होता. मी फोन करून गेलो. गाडी धुऊन उभी होती, हँडलला हार, आणि इंजिन कढत.

"सकालीच गावदेवीला दाखवून आनली," तो म्हणाला. "घरातनं चालली ना. मी सोडून हिला कुनी हात नाय लावला."

त्याच्या बायकोनं कोलंबीचं कालवण वाढलं. देवीचं नाव निघाल्यावर मी काय विचारणार?

पुढचे काही आठवडे मी मेकॅनिकांशी भांडण्यात घालवले. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं इंजेक्टर साफ केला. सर्व्हिस सेंटरवाल्यानं कॉम्प्युटर जोडला आणि म्हणाला, "साहेब, एरर काहीच दाखवत नाही." मी म्हणालो, "मग तुझा कॉम्प्युटर आंधळा आहे." सगळे मला लुटतायत, याची मला खात्री होती. मित्राचा संशय एकदाही आला नाही. उलट त्यालाच फोन करून मेकॅनिकांची गाऱ्हाणी सांगत होतो. तो म्हणायचा, "पेट्रोल बदलून बघ ना."

शेवटी नवीन पनवेलच्या एका गॅरेजवाल्यानं टाकी उतरवली आणि चालू इंजिनवर, हवा आत जाते त्या रबराच्या नळीभोवती, साफसफाईचा स्प्रे मारला. आवाज लगेच बदलला. स्प्रे आत ओढला जात होता; नळीला चीर होती. तिथून फुकटची हवा आत शिरत होती. इंजिन तापलं की चीर थोडी दबे, म्हणून दोष कमी जाणवे. चिरेवर काळा गोंद बेमालूम फासलेला. आणि कारखान्यातून रंग लावून बंद केलेला स्क्रू, ज्याला हात लावायचाच नसतो, तो कुणीतरी पिळलेला. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मी आणि माझा मित्र कानानं ऐकून असाच स्क्रू पिळायचो. ती खोड कुणाची, ते मी ओळखलं. शिवाय 'मी सोडून हिला कुनी हात नाय लावला', हे त्यानंच सांगितलं होतं.

तसाच गाडीवर बसून त्याचं घर गाठलं, ओटीवर चढलो.

"रबर फाटलाय हे तुला माहीत होतं?"

"म्हाईत व्हता."

एवढंच. मला वाटलं होतं, निदान खोटं तरी बोलेल.

"पयला भाव सांगितला, तवा नवा रबर घालूनच देनार व्हतो," तो म्हणाला. "तुला बोल्लो, घासू नको. तू गाववाल्यांसमोर घासलास. मंग मनात बोल्लो, याला गिऱ्हाइकच व्हायचाय, तर घे."

"तुझ्या घराच्या लाद्यांचा भाव मी कारखानदाराशी भांडून उतरवला, तेव्हा माझं घासणं गोड लागलं होतं!"

तो ओटीवरून उतरला आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

"आणि देवीला कशाला मध्ये घेतलीस?"

"नेलेली रं, खरंच नेलेली. तापवायला कुठंतरी न्यायचीच व्हती ना."

आतून त्याची बायको म्हणाली, "भावजी, च्या ठेवू?"

"गाडी ठेव हितंच," तो हळूच म्हणाला. "पैसे घेऊन जा. मिटवून टाकू."

मी स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी आचके देत चालू झाली, तिच्यावर बसून निघालो. रबर माझ्या खर्चानं बदलला, स्क्रू जमेल तितका जागेवर आणून घेतला. आता ती नीट चालते. त्यानं दोनदा निरोप धाडला, मी गेलो नाही. लोक म्हणतात, एवढा हिशेबी माणूस, पैसे परत मिळत असताना सोडले कसे? गाडी परत केली असती तर तो सुटला असता.