पोपट्याचा मामा

इंग्रजी सिनेमातल्या त्या उडणाऱ्या माणसाला एक मामा होता, आणि तो मामा त्याला मी दिला होता.

अमेरिकेत ज्यांनी तो सिनेमा काढला त्यांना याची काही कल्पना नाही. दौंडच्या रेल्वे कॉलनीत मात्र मामा होता हे सगळ्यांना माहीत होतं. तो मी दिलेला होता, एवढंच फक्त कोणाला माहीत नव्हतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या पलीकडं. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला (आणि पास होऊन उतरणाराही पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कष्टानं झालो आहे). कॉलेजसाठी मी दौंडला मामाकडं राहायला गेलो. मामा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा. दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात मामा, मामी, त्यांची मुलगी नंदा आणि माझी ट्रंक. नंदा तेव्हा बारावीला होती. मामाची मुलगी म्हटल्यावर आमच्याकडं दोन्ही घरची माणसं काय धरून चालतात ते वेगळं सांगायला नको. मीही धरून चाललो होतो. फक्त मनातल्या मनात, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

त्या काळी कॉलनीत रविवारी दुपारी वर्गणी काढून व्हीसीआर आणायची पद्धत होती. खिडकीला गोधडी टांगून अंधार करायचा, पंखा म्हाताऱ्या माणसांकडं वळवायचा आणि लागोपाठ सिनेमे बघायचे. त्यात एक कॅसेट इंग्रजी असायचीच, मारामारीसाठी. भाषा कोणाला कळायची नाही, म्हणून ज्याच्या घरात शिकलेलं माणूस असेल त्यानं टीव्हीशेजारी उभं राहून अर्थ सांगायचा, असा रिवाज होता. आधी एका गार्डसाहेबांचा मुलगा सांगायचा. गार्डसाहेबांची बदली झाली आणि जागा रिकामी पडली.

"आमचा इलास बीए करतोय," मामानं जाहीर केलं. "त्यो सांगंल."

माझं इंग्रजी कच्चं नव्हतं. रजेचा अर्ज मी न अडखळता लिहू शकत होतो. पण त्या सिनेमात कोणीच रजा मागत नव्हतं! जो तो तोंडात गरम बटाटा असल्यासारखा बोलत होता. हिरोच्या अंगाला घट्ट बसलेले पोपटी कपडे, पाठीवर सोडलेला पदर, आणि मनात आलं की भुर्रकन उडायचं. कॉलनीनं पाचव्या मिनिटाला त्याचं नाव पोपट्या ठेवलं. मग एक पिकल्या केसांचा माणूस आला, त्यानं पोपट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. मी मामाकडं बघितलं.

"हा त्याचा मामा," मी म्हणालो. "आईबाप लांब आहेत, दुसऱ्या ग्रहावर. शिक्षणासाठी पोराला मामाकडं ठेवलंय."

मामा पुढं सरकून बसला. "मामा करतो काय?"

"रेल्वेत आहे."

"पर्मनंट?"

"पर्मनंट."

"शाबास," मामा म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो सिनेमा आमच्या घरचा झाला.

शेजारी लोंढे फिटर राहायचे. माणूस जात्याच संशयी. मला बघितलं की "जयभीम, भाचेबुवा" म्हणायचे आणि लगेच काहीतरी अडचणीचं विचारायचे. लोकांच्या आग्रहानं ती कॅसेट पुन्हा पुन्हा यायला लागली आणि मागच्या वेळी आपण काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवणं मला बीएच्या अभ्यासापेक्षा जड जायला लागलं. एकदा चुकून मी त्या म्हाताऱ्याला काका म्हणालो. लोंढ्यांनी जागच्या जागी पकडलं.

"मागल्या खेपंला मामा हुता."

"इंग्रजीत मामाला आणि काकाला एकच शब्द आहे," मी म्हणालो.

"मंग मामा-काकात भांडनं कशी लावत्यात?" लोंढ्यांनी विचारलं.

माझा खरा आधार म्हणजे मालगाडी. क्वार्टर रुळांना इतकं चिकटून होतं की गाडी गेली की भांडी वाजायची आणि टीव्हीतलं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तेवढ्यात मी पुढची गोष्ट रचून घ्यायचो. अवघड प्रसंग आला की मी खिडकीबाहेरच्या सिग्नलकडं आशेनं बघायचो.

सगळ्यात अवघड प्रसंग गच्चीवरचा. पोपट्या रात्रीचा उडत येतो, गच्चीवर एक मुलगी उभी असते, आणि तो तिच्याशी खूप वेळ बोलतो. नंदा उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. मी घसा साफ केला.

"तो म्हणतोय, तू मला फार आवडतेस. पण आत्ता मागणी घालायला तोंड नाही. परीक्षा पास होऊ दे, नोकरी लागू दे, मग घालीन. तोवर थांबशील ना?"

शेंगा फुटायचा आवाज बंद झाला.

"गुनाचं पोरगं हाय," मामा म्हणाला. "आधी शिक्षान."

आता पडद्यावर मुलगी बोलायला लागली. ती काय म्हणते हे सांगणं माझ्याच हातात होतं, आणि तेच मला जमेना. नंदाचं उत्तर मी कसं देणार?

"ती काही बोलत नाही," मी म्हणालो.

"आवं, घडाघडा बोलतीय की," लोंढे.

"मनात बोलतीय."

त्यानंतर दर रविवारी मी पोपट्याच्या तोंडून नंदाला एकेक गोष्ट सांगत गेलो. तिच्या नव्या ओढणीचं कौतुक पोपट्यानं केलं. बारावीला ती पहिल्या वर्गात आली तेव्हा पोपट्यानं आकाशात दोन गिरक्या जास्त मारल्या (कॅसेटमध्ये त्या आधीपासून होत्या, पण कारण आत्ता कळलं). ती चहा देताना एकदा हळूच म्हणाली, "पोपट्याला म्हनावं, उडायचं थोडं कमी कर आन् खाली उतर." मी हसलो. मला वाटलं, सिनेमाबद्दल बोलतेय. बीए झालेला माणूस किती मठ्ठ असू शकतो हे बीए झाल्याशिवाय कळत नाही.

पास झालो. पोपट्याच्या बोलण्यात परीक्षेमागोमाग नोकरी होती, मला मात्र ती मिळेना. शेवटी रांजणगावला एका कंपनीत स्टोअरमध्ये लागलो, तेही कंत्राटावर. पर्मनंट झालो की मामाशी बोलायचं असं ठरवून ठेवलं. एक दिवस कंपनीच्या गेटवर मामाच उभा. हातात पेढ्यांचा पुडा.

"नंदीचं जमलं," तो म्हणाला. "कुर्डुवाडीचा मुलगा हाय, रेल्वेत. तुला आधी सांगायचं म्हनून सोता आलो." मग थोडं थांबून, "तुझ्या मनात आसंल आसं आमाला वाटत हुतं. पन तू कवा काय बोललाच न्हाईस."

मी म्हणालो, "छान झालं." आणि पेढा खाल्ला. चांगला होता. तेवढंच आठवतं.

त्यानंतर काही वर्षांनी, मी पर्मनंट झालो होतो आणि मामा रिटायर, तेव्हा मामाचा फोन आला.

"इलास, थेटरात पोपट्या लागलाय. हिंदीत. नंदी बी आलीय, पोरींना सासूकडं ठिवून. तू ये."

मी गेलो. मामा, मामी, नंदा, लोंढे आणि मी अशी रांग धरून बसलो. मामानं मला शेजारी घेतलं, सवयीनं. सिनेमा सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की हा जुना नाहीच. हिरो नवा, कपडे काळे, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. तो पिकल्या केसांचा माणूस आला तेव्हा मला घाम फुटला. कारण आता तो स्वच्छ हिंदीत बोलत होता.

"बेटा, मैं तो सिर्फ मकानमालिक हूँ."

मामा माझ्याकडं वळला. "काय म्हनला त्यो?"

"घरमालक आहे म्हणतोय."

"आन् मामा?"

"ह्यात मामा नाही."

"वारला?"

"नाही. ठेवलाच नाही."

मामा उभा राहिला. "पोराला वाढिवलं त्यानं, शिकिवलं, आन् ठिवलाच न्हाई?" मागून लोक "ओ आप्पा, खाली बसा" म्हणून ओरडायला लागले. बॅटरी घेऊन डोअरकीपर आला. त्यालाही मामानं विचारलं, की बाबा, तुझ्याकडं काय खबर? मामीनं सदरा ओढून त्याला खाली बसवलं. तेवढ्यात गच्चीवरचा प्रसंग आला. नवा पोपट्या धाडकन उतरला आणि, इंटरव्हलसुद्धा झालेला नसताना, सरळ म्हणाला, "मुझसे शादी करोगी?"

थेटरात शिट्ट्या पडल्या. मी मान वळवून नंदाकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत असेल तर काय करायचं, ते मला सुचत नव्हतं.

सुटल्यावर आम्ही स्टेशनबाहेर चहाला थांबलो. नंदाची गाडी अजून यायची होती. मामानं कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"ह्ये परत पयल्यापासनं कशापायी काढलं?"

मी समजावलं. "मामा, आमच्या कंपनीत कॉम्प्युटर अडला की बंद करून पुन्हा चालू करतात. त्याला रीबूट म्हणतात. सिनेमाचंही तसंच करतात आता."

"अडला म्हनून ना? आपला कुठं अडला हुता? बेस चालला हुता."

"झालं ते बरं झालं," लोंढे म्हणाले. "जुन्यात त्याला उडवायची तार दिसायची. आन् जुना हिरो आता म्हातारा झाला आसंल. पोट सांभाळीत कोन उडंल?"

"मंग म्हाताऱ्याची गोष्ट फुडं न्यावी," मामी म्हणाली. "नवी सून आली म्हनून सासूचं लगीन कोन परत लावतं का?"

"वैनी, पन नव्या पोरांनी पयलं बघितलं नसंल तर?"

"मंग त्येंना इलासनं सांगावं. लोंढे, तुमी बशीतला चहा सांडताय."

मामाचं लक्ष दोघांकडंही नव्हतं. "मला तारेचं कायबी वाटत न्हाई," तो म्हणाला. "पयल्यात मानूस मानसाचं हुतं. मामानं मुलगा वाढिवला, मुलानं मामाचं नाव काढलं. ह्यात निस्ती मारामारी. आन् ह्यो नवा लई घाईचा. आपला कसा दमानं घेनारा. आधी शिक्षान, मग नोकरी, मग मागनी."

"दमानं घेता घेता तिला दोन पोरी झाल्या, बाबा," नंदा चहावर फुंकर मारत म्हणाली.

लोंढे खोखो हसले. मामी हसली नाही.

"इलास," मामा म्हणाला, "तू शिकलेला. तूच सांग. जे झालं ते परत पयल्यापासनं करावं का न्हाई?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो की जुनं आहे तसंच राहू द्यावं, त्याला हात लावू नये, ज्यांनी ते बघितलंय त्यांना ते पुरतं. लोंढ्यांनी न मागता मला पाणी दिलं.

"मला न्हाई पटत," नंदा म्हणाली. "ज्याचं पयल्या डावाला अर्ध्यात राहिलं, त्यानं नवं करावं. खुशाल करावं. फकस्त जुन्याची नक्कल करू नये."

मामानं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

गाडी आली तेव्हा तिची पिशवी मी चढवली. खिडकीशी उभा राहून, इतक्या वर्षांनी, विचारलं, "नंदा, तुला तेव्हा इंग्रजी कळत होतं का गं?"

"छ्या. इंग्रजी कुठं कळत हुतं? तू कळत हुतास."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलनार? तूच सगळ्यांना सांगितलंस, ती मनात बोलतीय." ती हसली, आणि मग डोळ्यांवरून पदर फिरवला. दौंड स्टेशनात धूळ फार असते. गाडी हलली. कुर्डुवाडीच्या दिशेनं शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो. मामा शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल. तुझ्यासाठी शिरूरला एक स्थळ बघून ठिवलंय."

नंदाचं मी मनावर घेतलं होतं. ह्या खेपेला दम धरायचा नाही, परीक्षा नाही, पर्मनंट नाही, मनातल्या मनात तर नाहीच नाही. शिरूरला आम्ही सतरंजीवर बसलो. आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती तांब्या खाली ठेवायच्या आत मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तुम्ही मला पसंत आहात. माझ्याशी लग्न कराल का?"

मामानं कपाळाला हात लावला. मुलगी एक पाऊल मागं सरकली.

"भाऊजी, मी शेजारची हाय," ती म्हणाली. "मुलगी आत साडी नेसतीय."

आणि पडद्याआडून कोणीतरी जोरात हसलं. त्या हसणाऱ्या मुलीशीच माझं लग्न झालं. तिचं हसणं अजून थांबलेलं नाही.